वापरलेली फटफटी आणि चिकपेटचे आकडे

बेंगळुरूच्या चिकपेटमध्ये माणूस सहसा जातो तो रेशमी वस्त्रांसाठी. १५३७ साली केंपेगौडाने जे नगर वसविले, त्याच्या आद्य पेठांपैकी ही एक पेठ. १६३८ नंतर हे नगर शहाजीराजांच्या जहागिरीत आले, आणि तेव्हापासून मराठी भाषा या गल्ल्यांना सर्वस्वी परकी राहिलेली नाही. शिंपी आणि भावसार मंडळींच्या घरी आजही जी मराठी बोलली जाते, तिच्यात कानडीचा पुष्कळ मसाला पडलेला असला तरी ती मराठीच आहे. परंतु साड्यांच्या या दुकानांपासून चालत जाण्याच्या अंतरावर एक निराळाच व्यापार चालतो. एस. जे. पी. मार्गावर हत्यारे, मोटारी आणि पंप. सादर पत्रप्पा मार्गावर तारा, दिवे आणि विजेची उपकरणे. आणि पुढे जयचामराजेंद्र मार्गावर, ज्याला सारे शहर जे. सी. रोड म्हणते तेथे, वाहनांचे सुटे भाग. २०१७ च्या जून महिन्यात चिकपेटचे भुयारी मेट्रो स्थानक उघडल्यापासून तर दूरच्या उपनगरांतून येणाऱ्या ग्राहकाला ही सारी बाजारपेठ पायाखालची झाली आहे. शनिवार-रविवारी या वस्तीत एक विशिष्ट ग्राहक हटकून दिसतो. त्याच्या हाती ग्रीस लागलेल्या फडक्यात गुंडाळलेला एक झिजका भाग असतो, आणि मुद्रेवर नुकतीच जुनी मोटरसायकल विकत घेतलेल्या माणसाचा संमिश्र भाव असतो.

या ग्राहकांत मराठी तरुण थोडेथोडके नाहीत. सांगली, सातारा, कोल्हापूर, बेळगाव या भागांतून नोकरीसाठी बेंगळुरूला आलेल्या तरुणाला घराकडे जाणारा एकच मोठा रस्ता आहे. पूर्वी त्याला राष्ट्रीय महामार्ग चार म्हणत, आता अठ्ठेचाळीस म्हणतात. तुमकुरू, चित्रदुर्ग, दावणगेरे, हुबळी, बेळगाव असे करीत तो कोल्हापुरास पोचतो आणि पुढे पुण्याला जातो. बेंगळुरू ते पुणे हे अंतर सुमारे ८४० किलोमीटर भरते. दिवाळीत रेल्वेचे तिकीट मिळत नाही, बसचे भाडे अंगावर येते, आणि मग हा रस्ता दुचाकीवरून तोडावा अशी ऊर्मी येते. त्यासाठी हवी असलेली मोटरसायकल वेगाने धावणारी असावी, पण तिच्यावर दिवसभर बसताही यावे; वारा अडविण्यासाठी तिला पुढे कवच असावे, पण घरच्या गल्लीत ती वळतही यावी. या जातीच्या वाहनास जगभर स्पोर्ट टूरिंग म्हणतात. परदेशांत ही वाहने हजार-हजार सी. सी. ची असतात. भारतात मात्र तोच मनोरथ अडीचशे सी. सी. च्या आतबाहेर भागवावा लागला.

त्याचाही एक इतिहास आहे. १९६१ साली म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यातून जावा मोटरसायकली बाहेर पडू लागल्या. त्याच पुढे येझ्दी झाल्या, आणि १९७८ ची रोडकिंग ही तर दक्षिणेतील तरुणांची दैवतच होती. तो कारखाना १९९६ मध्ये बंद पडला. १९८३ साली आलेली राजदूत ३५० वेगवान खरी, पण पेट्रोल पिण्यात तिचा हात धरणारे कोणी नव्हते. २००३ मध्ये हीरो होंडाची करिझ्मा आली, आणि २००७ मध्ये पुण्याजवळच्या बजाज कंपनीने पल्सर २२० बाजारात आणली. पहिल्या वर्षांत तिला इंधनाचे इंजेक्शन होते. २००९ मध्ये कंपनीने ते काढून साधा कार्बोरेटर बसविला. किंमत उतरविण्यासाठी केलेला हा बदल तंत्रदृष्ट्या मागे जाणारा होता, तरी वापरलेल्या गाडीच्या गिऱ्हाइकाला तो वरदान ठरला. कार्बोरेटर कोणत्याही खेड्यातला मिस्त्री वडाखाली बसून साफ करू शकतो. दोन स्पार्क प्लग, तेल थंड करणारी जाळी, एकावर एक बसविलेले दोन भिंगाचे दिवे, दोन्ही चाकांना डिस्क ब्रेक आणि पंधरा लिटरची टाकी, असा हा सरंजाम आज जुन्या बाजारात माफक किमतीस मिळतो. पुढील विवेचन मुख्यतः हीच गाडी डोळ्यांसमोर ठेवून आहे; तथापि त्यातील बहुतेक गोष्टी करिझ्मालाही लागू पडतील.

कागदपत्रांची बाब थोडक्यात आटोपण्यासारखी आहे, पण टाळण्यासारखी नाही. सांगाड्यावरचा क्रमांक आणि नोंदणीपुस्तकातला क्रमांक अक्षर न् अक्षर जुळला पाहिजे. बँकेचा बोजा उतरलेला असला पाहिजे. नोंदणीची पंधरा वर्षे केव्हा पुरी होतात ते पाहिले पाहिजे, कारण त्यानंतर दर पाच वर्षांनी तपासणी करून नूतनीकरण करावे लागते. आणि महाराष्ट्रातील क्रमांकाची गाडी कर्नाटकात कायम ठेवायची असेल तर मूळ कार्यालयाचे ना-हरकत पत्र आणि येथील कर हे दोन्ही सोपस्कार बारा महिन्यांच्या आत करावे लागतात. हे झाले की खऱ्या प्रश्नास आरंभ होतो: या गाडीचे काय झिजले आहे?

आणि येथेच नव्या मालकाची पहिली चूक होते. विकणाऱ्याने टाकीला पॉलिश केलेले असते, नवे स्टिकर चिकटविलेले असतात, आसनाला नवे कव्हर घातलेले असते. घेणाराही तोच धागा पुढे चालवितो. रुंद टायर, गडगडणारा सायलेन्सर, निळसर प्रकाशाचे दिवे यांवर हात सैल सोडतो. वास्तविक अशा गाडीची दुखणी डोळ्यांना न दिसणाऱ्या ठिकाणी असतात. ती रबराच्या लहानशा वाट्यांत, पोलादी गोळ्यांत आणि तारांच्या बेचक्यांत दडलेली असतात.

सर्वांत अगोदर पाहावे ते हँडलच्या मानेतले बेअरिंग. बाजारात त्याला कोन सेट म्हणतात. पुढचे चाक अधांतरी करून हँडल सावकाश डावीकडून उजवीकडे फिरवावे. ते जर नेमके मध्यावर, म्हणजे चाक सरळ असताना, किंचित अडकून पुढे जात असेल, तर कोन सेट गेला असे समजावे. हा दोष मध्यावरच का उद्भवतो, हे समजून घेण्यासारखे आहे. मोटरसायकल आयुष्यातला बहुतेक काळ सरळच चालत असते. प्रत्येक खड्ड्याचा तडाखा चाकाकडून वर येतो आणि पोलादी गोळ्या आपल्या वाटीत त्याच त्या जागी आपटत राहतात. वर्षानुवर्षांच्या या ठोक्यांनी वाटीत बारीक खळगे पडतात, आणि पुढे गोळ्या त्या खळग्यांत विसावू लागतात. शहरात चाळीसच्या वेगाने जाताना याची फारशी जाणीव होत नाही. परंतु हुबळीच्या पुढे मोकळ्या रस्त्यावर ऐंशी-नव्वदच्या वेगाने, पाठीमागे सामान बांधलेले असताना, गाडी स्वतःच्या मनाने डोलू लागते आणि चालकाला वाटते की वारा जोराचा आहे. यावर जो उपाय करावयाचा, तो केवळ दुरुस्ती नसून खरीखुरी सुधारणा आहे. गोळ्यांच्या जागी निमुळत्या रुळांचे, म्हणजे टेपर रोलर, बेअरिंग बसवावे. गोळा वाटीला एका बिंदूत टेकतो, रूळ मात्र एका संपूर्ण रेषेत टेकतो. साहजिकच तोच भार अधिक जागेवर विभागला जातो आणि खळगे पडण्याची क्रिया फारच मंदावते. मात्र ते आवळणारा हात जाणता हवा. जरा अधिक आवळले तर हँडल जड होते, आणि मग गाडी आणखी वाईट डोलते.

चाकांच्या बेअरिंगांकडे वळले की चिकपेटच्या परिसरातील खरी संपत्ती दिसू लागते, आणि ती आहे आकड्यांची. वाहनाच्या दुकानात गाडीचे नाव सांगून मागितलेला भाग पुष्कळदा महाग पडतो, कधी नकली निघतो. परंतु गोळ्यांच्या बेअरिंगवर जो क्रमांक कोरलेला असतो तो कोणा मोटरसायकल कंपनीचा नसून साऱ्या जगाने मान्य केलेला आहे. उदाहरणार्थ ६२०३. यातला पहिला आकडा बेअरिंगची जात सांगतो, दुसरा त्याच्या देहाचा भरदारपणा, आणि शेवटचे दोन आकडे मधल्या भोकाचे माप. ०३ म्हणजे सतरा मिलिमीटर; ०४ आणि त्यापुढच्या अंकांना पाचांनी गुणले की झाले; म्हणजे ६२०४ चे भोक वीस आणि ६२०५ चे पंचवीस मिलिमीटर. ६२०३ चा बाहेरचा व्यास चाळीस मिलिमीटर आणि जाडी बारा. तेच भोक, पण देह अधिक भरदार हवा असेल तर ६३०३. त्याचा बाहेरचा व्यास सत्तेचाळीस. एवढे वाचता आले की मग गिऱ्हाईक वाहनाचे नाव न काढता, पंप आणि गिरण्या यांना बेअरिंग पुरविणाऱ्या दुकानात शिरतो आणि नामांकित कारखान्याचे उत्तम बेअरिंग रास्त भावात घेऊन बाहेर पडतो. ज्या तरुणाला कानडीत अजून नीटसे वाक्यही जुळविता येत नाही, त्याचे सारे काम या चार आकड्यांवर भागते.

तेलाच्या सीलवरही असेच तीन आकडे असतात: आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी. पुढच्या फॉर्कच्या नळीवर तेलाची ओली रेघ दिसू लागली की सील बदलावे लागते. आणि बदलताना नळीवर गंजाचा एखादा खरबरीत ठिपका आहे का ते नखाने चाचपून पाहावे, नाही तर नवे सीलही महिन्याभरात फाटते. साखळीवरच्या क्रमांकात पहिला आकडा दोन कड्यांमधील अंतर इंचाच्या आठव्या भागांत सांगतो. ४२८ म्हणजे अर्धा इंच, ५२० म्हणजे पाच अष्टमांश. टायरच्या कडेवर लंबवर्तुळात छापलेले शेवटचे चार आकडे तर प्रत्येकाने पाठच करावेत. २३१९ असे असेल तर ते टायर २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेले आहे. नक्षी कितीही शाबूत असो, सहा-सात वर्षांचे टायर कडक झालेले असते आणि पावसाळी डांबरावर त्याचा भरवसा धरता येत नाही. जुनी गाडी विकणारे गृहस्थ टायरच्या खोल नक्षीकडे मोठ्या अभिमानाने बोट दाखवितात. त्या चार आकड्यांकडे त्यांचे बोट सहसा जात नाही.

साखळीच्या मागल्या टोकाला, चाकाच्या पोटात, रबराचे काही तुकडे असतात. इंजिनाचा धक्का त्यांनी सोसावा आणि चाकाला हळुवारपणे पोचवावा अशी योजना असते. ते चेपले की प्रत्येक वेळी गिअर बदलताना खटका बसतो, आणि बिचाऱ्या गिअरबॉक्सवर आळ येतो. हे तुकडे पिशवीभर भाजीच्या किमतीत मिळतात. त्यांच्याऐवजी गिअरबॉक्स उघडून बसलेले मिस्त्री या शहरात दुर्मीळ नाहीत.

इंजिनाबाबतही असाच संयम लागतो. जुन्या पल्सरच्या इंजिनातून थोडी खडखड येतेच. कधी ती टायमिंग चेन सैल झाल्याची असते, कधी क्लचच्या घराची. क्लचचा दांडा दाबताच आवाज बदलला किंवा थांबला तर उगम क्लचकडे शोधावा. व्हॉल्व्हमधील फट योग्य मापाची केली तरी निम्मी खडखड नाहीशी होते. केवळ आवाजावरून इंजिन खोलू नये. धूर पाहून मात्र निर्णय करावा. उतारावर अॅक्सिलरेटर मिटून आल्यानंतर पुन्हा उघडताच निळसर धुराचा एक झोत निघाला आणि मग विरला, तर व्हॉल्व्हची सीले कडक झाली आहेत, आणि हे काम त्या मानाने स्वस्तातले आहे. धूर अखंड निळाच येत असेल तर पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडर यांचा हिशेब मांडावा लागेल. अशी गाडी किंमत पुरेशी उतरल्याशिवाय घेऊच नये.

कार्बोरेटरच्या बाबतीत अलीकडे एक नवी अडचण उपस्थित झाली आहे. २०२५ पासून देशात सर्वसाधारणपणे मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. जुन्या गाड्यांतील रबरी नळ्या आणि वायसर या मिश्रणासाठी घडविलेले नव्हते. शिवाय इथेनॉल हवेतील ओलावा शोषून घेते. त्यामुळे जी गाडी आठवडेच्या आठवडे उभी असते तिचा कार्बोरेटर लवकर खराब होतो. नव्या प्रतीच्या रबराचे वायसर-संच आता मिळतात, ते बसवावेत. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर कार्बोरेटरमधले पेट्रोल काढून टाकावे.

विजेची व्यवस्था हा या गाडीचा सर्वांत नाजूक प्रांत होय. या गाडीला किक नाही. बॅटरी बसली की बलदंड माणसालाही ढकलण्यावाचून गत्यंतर नसते, आणि रात्री अकरा वाजता चित्रदुर्गाच्या अलीकडे ढकलायला माणसे कोठून आणायची? म्हणून सादर पत्रप्पा मार्गावरून एक साधे मल्टिमीटर घेणे ही उत्तम गुंतवणूक ठरते. इंजिन बंद असताना चांगल्या बॅटरीने साडेबारा व्होल्टच्या किंचित वर दाखवावे. इंजिन चालू करून वेग वाढविला म्हणजे साडेतेरा ते साडेचौदाच्या दरम्यान. तेराच्या खाली राहिले तर वीज पुरेशी तयार होत नाही. पंधराच्या वर गेले तर तिचे नियमन करणारा भाग, ज्याला दुकानदार आर. आर. युनिट म्हणतात, तो बिघडला आहे, आणि तो नवी बॅटरीही उकळून टाकील. पुष्कळदा मात्र दोष यांपैकी कशातच नसतो. हँडलबरोबर रोज शेकडो वेळा वाकणाऱ्या तारा मानेजवळ आतल्या आत तुटलेल्या असतात, वरचे वेष्टन शाबूत राहते, आणि इंजिन फक्त डावीकडे वळतानाच बंद पडते. असा दोष शोधणाऱ्याला वैद्याची चिकाटी लागते.

आता सुधारणांविषयी. दिवा हा या महामार्गावर जीविताचा प्रश्न आहे. कारण रात्री दिवे न लावता कडेला उभे असलेले मालमोटारींचे सांगाडे तेथे दिसतात. भिंगाच्या दिव्यात रस्त्यावरची स्वस्त एल. ई. डी. घालण्याचा मोह पडतो, परंतु त्या भिंगाची रचना जुन्या हॅलोजन दिव्याच्या तंतूसाठी केलेली असते. प्रकाशाचा उगम थोडा जरी सरकला तरी तो रस्त्यावर न पडता समोरच्याच्या डोळ्यांत जातो. त्यापेक्षा रिले बसवून दिव्याला बॅटरीतून थेट, जाड तारेने वीज द्यावी. स्विचमधून आणि जुनाट तारांतून येताना जो दाब गळून जातो तो वाचतो, आणि त्याच जुन्या दिव्याचा प्रकाश डोळ्यांना जाणवेल इतका वाढतो. सोबत भिंगही पुसून स्वच्छ करावे, धुके धरलेले असल्यास बदलावे. ब्रेकचे तेल ओलावा शोषते म्हणून दोन वर्षांनी बदलावे, आणि रबरी नळी फुगत असेल तर तिच्या जागी पोलादी जाळीची घालावी. पॅड घेताना वेष्टनावरचा भाग-क्रमांक आणि छापील किंमत पडताळावी. नकली पॅडवर वाचविलेले शंभर रुपये घाटात फार महाग पडतात.

शरीराच्या सोयीकडे दुर्लक्ष करून चालत नाही. जे. सी. रोडवरचे आसन शिवणारे कारागीर फोम बदलून आसन हवे तसे घडवून देतात. नेहमीपेक्षा थोडा घट्ट फोम घ्यावा, कारण मऊ आसन पहिल्या तासाला सुखाचे असते आणि पाचव्या तासाला शत्रू होते. हँडल थोडे उंच करण्याचे तुकडेही मिळतात. ते बसविले की दोन्ही टोकांपर्यंत वळवून ब्रेकची नळी, क्लचची तार आणि तारांचा जुडगा ताणला जात नाही ना हे पाहून घ्यावे. अन्यथा वर सांगितलेला मानेजवळचा दोष हमखास उद्भवतो.

रुंद टायराविषयी मात्र स्पष्टच बोलले पाहिजे. मूळ १२० मिलिमीटरच्या जागी १४० चे टायर घातले म्हणजे गाडी रुबाबदार दिसते, हे कबूल. परंतु अरुंद रिमवर ते टायर कडांनी चिमटले जाते, त्याचा माथा टोकदार होतो, गाडी वळायला जड होते आणि कधी साखळीला घासते. गडगडणाऱ्या सायलेन्सरने वेग वाढत नाही. पोलिसांचा दंड मात्र वाढतो. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाने कारखान्याच्या मूळ रचनेत मनमानी बदल करण्यास बंदी आहे, आणि २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानेही ती भूमिका उचलून धरली. ज्याच्याजवळ दुरुस्तीसाठी मोजकाच पैसा आहे, त्याने तो बेअरिंग, टायर, ब्रेक आणि तारा यांवर अगोदर खर्च करावा. उरला तर आसनावर. आणि त्यानंतरही उरला तर स्टिकरला कोणाची हरकत असणार?

सारे भाग बसवून झाले म्हणजे लगेच पुण्याचा रस्ता धरू नये. प्रथम तुमकुरूपर्यंत, म्हणजे सत्तर किलोमीटर, जाऊन यावे. परत आल्यावर इंजिन गार होऊ द्यावे आणि प्रत्येक जोडाखाली तेलाचा थेंब दिसतो का ते पाहावे. बोल्ट पुन्हा आवळावेत, कारण नव्याने उघडलेला बोल्ट पहिल्या प्रवासात थोडा सैल होतोच. साखळीचा ताण तपासावा. मग आसनाखाली दोन फ्यूज, एक स्पार्क प्लग, क्लचची एक तार आणि ट्यूबलेस टायर बुजविण्याचा संच ठेवावा. क्लचची नवी तार जुनीच्या शेजारून आधीच ओढून बांधून ठेवण्याची युक्ती या बाजारातले वयस्क मिस्त्री सांगतात. ती अंधारातही दहा मिनिटांत जोडता येते.